खालून आलेली ओ

ऊन पेवाच्या तोंडाशी सरकत आलं, तसा आदगोंडानं न्हाणीतला आरसा खिळ्यावरून काढून आणला आणि माझ्या हातात दिला. एक कोपरा उडालेला, कडेला त्याच्या बायकोच्या, त्रिशलाच्या, जुन्या टिकल्या चिकटलेल्या.

"धरा मॅडम, सूर्य धरा," तो म्हणाला. "बघू तुमची साय जागी होती का."

मी आरसा कलता केला. उन्हाचा चौकोन अंगणातून पळत गेला, गोठ्याच्या कुडावर चढला, म्हशीच्या डोळ्यांत शिरला. तिनं मान झटकली. मग तो माझ्या ताब्यात आला आणि मी त्याला पेवात सोडला. खाली, दोन मजले खोल, पिवळ्या मातीच्या तळाशी उजेडाचं ताट मांडल्यासारखं झालं.

पेव ज्यांनी पाहिलं नाही त्यांना सांगते. सांगलीपलीकडच्या त्या नदीकाठच्या गावात हळद ठेवायची ती जमिनीच्या पोटात. चिवट माती खणत जायची, तोंड माणूस जेमतेम उतरेल एवढंच ठेवायचं आणि खाली घेर वाढवत न्यायचा. मोठा रांजण जमिनीत पुरावा, तसं ते दिसतं. हळद भरली की तोंडावर फरशी, फरशीवर माती. वर्षानुवर्षं हळद तिथं निजते आणि तिला कीड लागत नाही, कारण आत किड्यालासुद्धा श्वास मिळत नाही. माणसाला तरी कुठून मिळावा?

म्हणून पेव उघडलं की ते दिवसभर तसंच ठेवायचं, कंदील सोडून बघायचा आणि मगच माणूस उतरवायचा. त्यातही एक रीत होती. उतरणाऱ्याच्या काखेखालून दोर, आणि दोराच्या वरच्या टोकाशी त्याच्या घरची बाई. तिनं ओवी म्हणायची. ओवीच्या शेवटी 'ओऽ' अशी लांब हाक घालायची आणि खालच्यानं तशीच लांब ओ द्यायची. ओ आली की पुढची ओवी. ओ चुकली की दोर ओढायचा. विचारायचं नाही, वाकून बघायचं नाही; वाकलेल्या बाईला पेव आत घेतं म्हणत. नुसता कान द्यायचा. लग्न होऊन आलेल्या सुनेला सासू आधी चूल दाखवायची, मग ही ओवी शिकवायची.

या पेवात आदगोंडाचे वडील, बाळगोंडा, वीसेक वर्षांपूर्वी उतरले होते आणि वर आले ते संपूनच. तेव्हापासून त्यावरची फरशी हलली नव्हती. ती काल हलली होती, आणि आज आदगोंडा उतरणार होता. दोराशी त्याची आई बसली होती. चंपाक्का.

आदगोंडा आणि मी कॉलेजात एका वर्गात होतो. भौतिकशास्त्र दोघांचं सारखंच आवडीचं. पुढे तो शेतीत गेला, मी कोल्हापुरात एका प्रयोगशाळेत संशोधनाला लागले. तो अधूनमधून यायचा, माझ्या काचेच्या नळ्यांकडे बघून हसायचा, काय संशोधक बाई, किती हवा मोजली म्हणायचा. त्या वर्षी आला तो पेवाचं बोलत. वीसेक वर्षांपूर्वीच्या मोठ्या पुरात गावातली पेवं गाळानं भरून गेली होती, काही खचली होती. एक त्यांचंच धड उरलं होतं. शीतगृहातल्या हळदीला रंग राहतो पण वास मरतो, असं त्याचं म्हणणं होतं. गावात निदान एक पेव पुन्हा भरावं. हे सगळं सांगून झाल्यावर, निघता निघता जिन्यात उभा राहून तो जे बोलला ते खरं कारण होतं.

"मला आण्णांचं तोंड आठवत नाही, विभा. ते शेवटी जिथं उभे होते तिथं एकदा उभं राहायचंय."

मलाही कुठंतरी जायचंच होतं. विषारी वायू ओळखणारा माझा सेन्सर प्रयोगशाळेत उत्तम चालत होता. पण तिथला वायू सिलिंडरमधला आणि तिथला सूर्य टेबलावरचा दिवा. आमचे सर म्हणायचे, काचेच्या खोलीत सगळंच खरं ठरतं. जिथं खरं ऊन आहे आणि खरं भय आहे तिथं एकदा जाऊन ये.

आदल्या दुपारी चंपाक्का सोप्यात तूर निवडत होत्या, तेव्हा मी त्यांना तो दाखवला होता. करंगळीच्या नखाएवढ्या दोन चकत्या.

"दुधावर साय धरते ना काकू, तसे हे थर. पण इतके पातळ की त्यांची जाडी मोजायची तर अणूच मोजावे लागतात. दोन जातींचे थर एकावर एक निजवलेत. उजेड पडला की त्यांच्यातून आपोआप वीज वाहते. सेल नको, तापवायला नको. आणि वाईट वायू येऊन त्या सायीवर बसला की वीज कमी होते. वर माझ्या मीटरवर आकडा उतरतो."

"आन अंधारात?"

"अंधारात काहीच नाही. अंधारात साय मेल्यासारखी असते. एकदा बसलेला वायूही तिच्यावरून उठत नाही. पुन्हा ऊन दाखवलं की तो उडून जातो."

आदगोंडा उंबऱ्यात बसून कप्पीला तेल देत होता. "म्हणजे आमच्यासारखं जैन मशीन म्हणा की," तो म्हणाला. "दिवस मावळला की तोंड बंद."

चंपाक्कांच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू आलं आणि विरलं. त्यांनी बोटानं दुसऱ्या चकतीकडे खूण केली. तिच्यावर काचेचं झाकण होतं, कडा सीलबंद. ही कशाला, म्हणून त्यांनी विचारलं.

मी सांगितलं की ढग आला, आरसा हलला, तरी वीज कमी होते. मग आकडा उतरला तो सावलीनं की वायूनं, हे कळायचं कसं? म्हणून या दोघी बहिणी. एक उघडी, एक काचेआड. सावली आली तर दोघींचा आकडा उतरणार. वायू आला तर फक्त उघडीचा.

त्या बराच वेळ काचेआडच्या चकतीकडे बघत राहिल्या. "हिला दिसतंय समदं," त्या म्हणाल्या, "पर श्वास न्हाई."

मग सूप बाजूला ठेवून त्यांनी मला त्या दिवसाचं सांगितलं. आवाज न चढवता, रोजचं काही सांगावं तसं. पुराचं पाणी पेवात शिरलं होतं. हळद कुजली होती. आठवडाभर गावातल्या चौघांनी मिळून ती वर काढून टाकली आणि शेवटी पेव रिकामं झालं. तळाला नुसता राडा उरला, तो खरडायला बाळगोंडा उतरले. चंपाक्का दोराशी बसल्या आणि ओवी म्हणू लागल्या. खालून ओ येत होती. चंपाक्कांनी म्हणायचं, त्यांनी ओ द्यायची. पायलीभर दळण सरेल एवढ्या ओव्या झाल्या, एक ओ चुकली नाही. थोरला दीर मळ्यातून आला, तोही गोठ्याशी उभा राहून ऐकत होता, किती ठणठणीत ओ देतोय म्हणाला. मग भाकरीची वेळ झाली म्हणून त्यानं वाकून हाक मारली, आणि बघितलं तर भाऊ भिंतीला टेकून निजलेला.

"तवा तुजं यंत्र सोड, मी नगं म्हणत न्हाई," चंपाक्का म्हणाल्या. "पर एवढं ध्येनात ठेव पोरी. माजा माणूस वाफेनं गेला न्हाई. दम कोंडून तडफडला न्हाई. शेवटपातूर वो देत हुता. देता देताच काळीज थांबलं त्याचं. माज्या शबुदाला शबुद देत गेला त्यो."

त्या घरात हे कुणी नाकारत नव्हतं. गावही नाकारत नव्हतं. दिरानंही स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं. भांडी घासताना त्रिशला मला हळू आवाजात म्हणाली, "आत्तींनी सगळा जन्म त्या एका ओवर काढलाय हो. रोज सकाळी फरशीपाशी बसतात. गुणगुणतात. मला आधी भ्या वाटायचं. आता नाही वाटत."

तर, उन्हाचं ताट तळाला मांडलं आणि तारेला बांधून दोघी बहिणींना मी खाली सोडलं. मीटर मांडीवर होतं. दोन्ही आकडे शेजारीशेजारी वर चढले आणि स्थिर झाले. मी मुद्दाम आरसा हलवला. दोन्ही एकदम पडले. पुन्हा धरला, दोन्ही एकदम उठले. काल कंदील जळत राहिला होता, आजही राहिला. बराच वेळ आम्ही तसेच बसलो. उघड्या चकतीचा आकडा तिळभर उतरला नाही.

"झालं समाधान?" आदगोंडानं विचारलं. ते मला होतं की आईला, कळलं नाही.

चंपाक्कांनी त्याच्या काखेखालची गाठ सोडवली आणि स्वतःच्या हातानं पुन्हा बांधली. मग त्याच्या छातीवर तळहात ठेवून म्हणाल्या, "वो चुकवू नगंस. गंमत म्हून सुदीक न्हाई."

"नाही चुकवत."

कप्पी कुरकुरली. तीन बाजूंनी रोवलेल्या बांबूंवर त्याचं वजन आलं. चंपाक्का आणि त्रिशला दोर सोडत होत्या. त्याचे पाय, कंबर, खांदे, मग डोक्यावरचे दाट केस, सगळं एकेक करून अंधारात विरघळलं आणि तळाच्या उजेडात पुन्हा उमटलं. माझा सेन्सर त्याच्या गुडघ्यापाशी लोंबत होता. चंपाक्का मांडी घालून बसल्या. दोराला एक पीळ मनगटावर घेतला, डोळे मिटले.

पेवाच्या पोटामंदी काळोखाचा थोर डोह,
हळदीच्या लेका माज्या, हाक घालते, दे रे ओऽ

त्यांचा आवाज मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. जात्याचा आवाज होता तो. खर्जातला, खरबरीत, फिरत फिरत येणारा. आणि खालून आदगोंडाची ओ आली. घागरीतून आल्यासारखी जाड, लांब. त्याची वाटू नये अशी.

"तळ सुका आहे," तो खालून बोलला. "वर खपली धरलीय. वास काही नाही."

वर मी दोरापाशी, खाली तुजं गा पाऊल,
श्वासाच्या पाखराची मला ऱ्हाऊ दे चाहूल, ओऽ

ओ आली. तो भिंतीकडे चालू लागला. मी उजेड त्याच्या पावलांबरोबर सरकवत नेला. सेन्सर उजेडाच्या कडेवर राहील एवढंच बघत होते. तो भिंतीवरून हात फिरवत होता, एका जागी जास्त वेळ. वडील टेकलेले ती जागा असावी. मग काहीतरी मोडल्याचा बारीक आवाज झाला, वाळलेला पापड मोडावा तसा.

"पाय रुतला जरा. काही नाही, खाली ओल आहे," तो म्हणाला.

ते त्याचं शेवटचं वाक्य. थोड्या वेळानं नासक्या अंड्यासारखा वास वर आला, इतका पुसट की त्रिशलानं नाकाला पदर लावला तेव्हा मला तो जाणवला, आणि लगेच नाहीसाही झाला. चंपाक्कांची ओवी संपत होती. त्यांनी हाक घातली, खालून ओ आली. मी मीटरकडे बघितलं.

उघड्या बहिणीचा आकडा उतरत होता.

आधी वाटलं माझाच हात हलला. आरसा गुडघ्यांत घट्ट धरला. काचेआडचीचा आकडा जागच्या जागी होता. सावली नव्हती. आकाश कोरं होतं. उघडीचा आकडा अर्ध्यावर आला, अर्ध्याचाही अर्धा झाला.

"काकू, त्याला वर घ्या."

त्यांनी डोळे न उघडता मान हलवली. ओवी मोडायची नसते. त्या म्हणत राहिल्या, शेवटाला आल्या, हाक घातली. खालून ओ आली. गोल, शांत, पोटभर जेवलेल्या माणसासारखी.

"काकू, खाली वायू सुटलाय. खपलीखाली असणार. ओढा त्याला."

आता त्यांनी डोळे उघडले. राग नव्हता त्यांत. समजूत होती, लहान पोरीची घालावी तशी. "अगं, वो देतुय की त्यो."

त्रिशला माझ्याकडे बघत होती, सासूकडे बघत होती. दोर तिच्याही हातात होता. "आत्ती, ओढूया का?"

"देतुय गं वो. चांगला देतुय. ऐक."

आणि त्यांनी पुढची ओवी धरली. डोळे पुन्हा मिटले, मान एका बाजूला कलली, चेहऱ्यावरून वर्षं उतरत गेली. आता ओवीत लेक नव्हता.

दोर झिजो माज्या हाती, दिवा ईजो उशापाशी,
धनी, तुमचा शबुद माज्या शबुदापाशी, ओऽ

खालून ओ आली.

मी ती ऐकली. हे मला कुणाला पटवून देता येत नाही, पण मी ती ऐकली, आणि क्षणभर माझ्या आकड्यावरचा माझाच विश्वास उडाला. मांडीवर तो घसरत शून्याकडे चाललेला, आणि कानात एका माणसाचा धीराचा, ओळखीचा होकार. कुणाला खोटं म्हणायचं? माणूस माणसाच्या आवाजालाच खरं म्हणतो. मीही म्हटलं असतं. पण काचेआडच्या चकतीचा आकडा अजून हलला नव्हता. तिला सगळं दिसत होतं.

मी सेन्सरवरचा उजेड काढला आणि आदगोंडाच्या तोंडावर नेला.

तो भिंतीला टेकून बसला होता. हनुवटी छातीवर. हात मांडीवर, तळवे वर.

"काकू, बघा."

"बघायचं नसतं."

"एकदा वाका. माझी शपथ आहे तुम्हाला."

त्यांनी ओवीची शेवटची ओळ म्हटली, हाक घातली, आणि हाक ओठांवर असतानाच वाकल्या. उजेड त्याच्या मिटलेल्या ओठांवर होता. आम्ही दोघी बघत होतो. ओठ हलले नाहीत. आणि खालून ओ आली. त्याच्या मागून, खालून, चहूबाजूंनी. शांत, लांब.

चंपाक्कांच्या दोन्ही हातांनी दोराला असा हिसका बसला की बांबू करकरले. मी आरसा टाकला आणि त्यांच्या मागं दोर धरला. पेवातला उजेड गेला. मीटरवर दोन्ही आकडे शून्य झाले असतील, मी बघितलं नाही. आम्ही तिघी ओढत होतो. बेशुद्ध माणूस ओल्या पोत्याहून जड असतो. त्रिशला रडत ओढत होती, नवऱ्याला हाका मारत होती, अहो, अहोऽ, आणि तिच्या प्रत्येक हाकेला खालून ओ येत होती. तो दोराला लोंबत अर्ध्यावर आला होता, आणि ओ त्याच्या पायांच्याही खालून येत होती.

"गप," चंपाक्का म्हणाल्या. दातांतून. "हाक मारू नगं. त्याला बोलवू नगंस."

त्यानंतर फक्त कप्पीचा आवाज होता.

तो कडेला आला तेव्हा त्याचे ओठ जांभळे होते. मी त्याला उताणा केला, तोंडात फुंकर घालत राहिले, छाती दाबत राहिले. गल्लीतले डॉक्टर स्लीपर घालूनच धावत आले, त्यांच्यामागून कुणीतरी ऑक्सिजनची नळकांडी आणली. केव्हातरी त्याला ठसका लागला, तो कुशीवर वळला आणि ओकला. मी उभ्या आयुष्यात त्याहून सुंदर काही बघितलेलं नाही. थोडा वेळ आणखी गेला असता तर, एवढंच म्हणून डॉक्टरांनी वाक्य सोडून दिलं. दुपारभर ते तिथंच बसून राहिले. उद्या सांगलीला दाखवून आणा, म्हणाले.

त्याला सोप्यात बाजेवर निजवल्यावर मी अंगणात आले. चंपाक्का पेवाच्या कडेलाच बसून होत्या. तळहातांची साल निघाली होती, पण त्या हातांकडे बघत नव्हत्या. मी शेजारी बसले.

"मग त्या दिशी मी कुनासंगं गात हुते?" त्यांनी विचारलं.

मला उत्तर माहीत होतं. पदार्थविज्ञानाच्या पहिल्या वर्षाला येतं ते. रीत ज्यांनी घातली त्यांनी ती भरलेल्या पेवासाठी घातली होती. हळदीनं भरलेलं पेव आवाज गिळतं. तिथं खालून ओ आली तर ती माणसाचीच. पेव रिकामं झालं की ते घागर होतं. त्याच्या पोटात खर्जाचा सूर पडला की तो सूर ते धरून ठेवतं, घोळवतं, जाड करून परत देतं. बाईचा दिला तरी पुरुषाचा करून देतं. पुराच्या साली पेव पहिल्यांदाच तळापर्यंत रिकामं झालं होतं. एरवी तळाला हात लागायच्या आत नवी हळद येत असे.

हे मी सांगितलं. किती सोपं करून सांगितलं, किती हळू, आता आठवत नाही. त्या ऐकत होत्या.

"किती येळ?" त्या म्हणाल्या.

"काय, काकू?"

"किती येळ मी म्हणत बसले? त्यो गेल्यावर."

मला माहीत नाही म्हटलं. तुझं यंत्र सांगंल का, म्हणाल्या. नाही, म्हटलं. मग मी जे खरं होतं तेच म्हटलं, पण ते धीराचं म्हणून म्हटलं. म्हटलं, तो वायू फार सुटला तर माणसाला एका श्वासात भूल पडते. त्यांना काही कळलं नसेल. तडफडले नसतील.

त्यांनी माझ्याकडे वळून बघितलं. हिशोब त्यांनी माझ्या आधीच केला होता.

"म्हंजी पयल्या-दुसऱ्या ओवीलाच," त्या म्हणाल्या. "आन मी दळण सरस्तवर."

आता माझ्या हाताखाली मुली शिकतात. चकत्या आणखी पातळ झाल्यात, मनगटावर बांधता येतात. दर वर्षी एखादी नवी मुलगी विचारते, दुसरी चकती काचेखाली कशाला, वायूशी तिचा काय संबंध. मी ढगाचं कारण सांगते. तेही खरंच आहे. पण कधी एखाद्या रिकाम्या खोलीत मी कुणाला हाक मारते आणि पलीकडून ओ येते, तेव्हा मी लगेच पुढं बोलत नाही. उठून, जाऊन, त्या माणसाचं तोंड बघून येते.

त्या दिवशी उन्हं कलली तेव्हा चंपाक्का उठल्या. सोप्याच्या खांबाला धरून उभ्या राहिल्या आणि त्यांनी हंबरडा फोडला. असा आवाज मी माणसाचा ऐकला नव्हता. आजूबाजूच्या घरांतून बायका धावत आल्या. बाजेवर आदगोंडा डोळे उघडे ठेवून पडलेला, छाती वरखाली होत असलेली. त्या त्याच्याकडे बघून थबकल्या, एकमेकींकडे बघू लागल्या. त्रिशलाला तर ते सोसेना. दिवसभराचं सगळं भय तिच्या तोंडून बाहेर आलं.

"आत्ती, असं काय करताय? जित्ता आहे की तुमचा लेक. समोर आहे. कशाला अभद्र?"

"ह्यो हाय गं," चंपाक्का म्हणाल्या. "ह्याचा बाप गेला."

कुणाला किती कळलं, सांगता येत नाही. पण त्या बायकांना एक गोष्ट कळते, शोक खरा की खोटा. शेजारची सरूबाई पुढं आली आणि चंपाक्कांच्या गळ्यात पडून रडू लागली. मग दुसरी. मग त्या सगळ्याजणी त्यांच्याभोवती बसल्या, मयताच्या घरी बसतात तशा, आणि बाळगोंडाचे गुण आठवून आठवून सांगू लागल्या. कसे चालायचे, कुणावर पाखर कशी घातली, हसताना डोळे कसे मिटायचे. बाजेवरून आदगोंडा ऐकत होता. वडिलांविषयी एवढं बोललेलं त्यानं त्या घरात कधी ऐकलं नव्हतं. त्या घरात ते मेलेच नव्हते.

चूल पेटली नव्हती. हे बघून सरूबाई घरी गेली आणि फडक्याखाली झाकून भाकरी-पिठलं घेऊन आली. कडू घास. मेलेल्याच्या घरी शेजाऱ्यानं आणायचा असतो तो. तिनं ताट चंपाक्कांसमोर ठेवलं. त्यांनी तोंड फिरवलं.

आदगोंडा उठला. डॉक्टरांनी नको म्हटलं होतं, त्रिशला नको म्हणत होती, तरी तो भिंत धरून आला आणि आईसमोर मांडी घालून बसला. भाकरीचा तुकडा मोडला, पिठल्याला लावला आणि तिच्या ओठांशी नेला. ते उघडले नाहीत. तो थोडा वेळ तसाच हात धरून राहिला. मग त्यानं तो घास स्वतःच्या तोंडात घातला. त्याला तो गिळता येईना; डोळ्यांतून पाणी यायला लागलं, पण त्यानं तो चावला, सगळा.

वडील गेले तेव्हा तो चार वर्षांचा होता. त्या दिवशीचा त्याचा घास राहून गेला होता.

त्यानं दुसरा तुकडा मोडला. चंपाक्का त्याच्या जबड्याकडे, गळ्याकडे, खालीवर होणाऱ्या छातीकडे बघत होत्या. डोळे न हलवता, एकसारख्या. मग त्यांनी तोंड उघडलं.